मक्याचे पैसे, सोयाबीनचं रान

गेल्या रविवारी इथे अमेरिकेत आमच्या शेजारच्या आजोबांना आजवर किती सरकारी पैसे मिळाले ते मी मोबाइलवर बघितलं. चोरून नाही हं. एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप नावाच्या संस्थेने अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची 1995 पासूनची यादीच लावून ठेवलीय. राज्य निवडा, काउंटी (म्हणजे इथला जिल्हा) निवडा, नाव टाका, आकडा हजर. आजोबांचा आकडा इथे सांगत नाही. एवढंच म्हणते की आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, जन्मभराच्या सोयाबीन विक्रीच्या पावत्या एकावर एक रचल्या तरी तिथवर पोचत नाहीत.

आयोवात राहून सहा वर्षं झाली, पण अनुदान म्हटलं की डोळ्यांपुढे सेतू केंद्राची रांगच येते. इथे जुलैत आजोबांबरोबर मी त्यांच्या कृषी कचेरीत गेले होते. 15 जुलैच्या आत पेरा कळवायचा असतो. काउंटरवर त्यांच्या रानाचा विमानातून काढलेला फोटो पसरलेला, प्रत्येक तुकड्याला नंबर. आजोबा बोट ठेवत गेले: इथे मका, इथे सोयाबीन. टेबलापलीकडच्या बाईंनी मध्येच आजींच्या गुडघ्याची चौकशी केली. वीस मिनिटांत काम संपलं. मला आबा आठवले, ई-पीक पाहणीसाठी मोबाइल उंच धरून बांधावर रेंज शोधणारे.

पण खरी गंमत पुढे आहे. आजोबांनी यंदा एका मोठ्या तुकड्यात सोयाबीन पेरलंय, आणि तिथे मक्याचा भाव कायद्यातल्या ठरलेल्या भावाखाली गेला तर पैसे मक्याचे मिळणार! कारण त्या रानाच्या कागदावर मक्याचे 'बेस एकर' आहेत, म्हणजे पूर्वी कधीतरी तिथे मका होता म्हणून लागलेली नोंद. पेरा काहीही करा, हिशोब त्या नोंदीवर, तोही एकरांच्या 85 टक्क्यांवर. मी तीनदा विचारलं. त्यांनी तीनदा तेच सांगितलं, जरा मोठ्या आवाजात. आपल्याकडे सातबाऱ्यावर तूर आणि रानात सोयाबीन निघालं असतं, तर विम्याचं काय झालं असतं ते तुम्हाला सांगायला नको.

कुरकुर मात्र इथेही आहेच. 2019 साली चीनशी व्यापारयुद्ध चालू असताना सरकारने नुकसान म्हणून एकरी पैसे वाटले, 15 ते 150 डॉलर, काउंटीप्रमाणे. आजोबांचं एक रान काउंटीच्या सीमेवर आहे. रस्त्याच्या पलीकडे दर जास्त. सहा वर्षं उलटली तरी ते तिथून जाताना गाडी हळू करतात आणि हात दाखवतात. "माती तीच, पाऊस तोच!" मला हसू आवरेना. आमच्या लातूरकडे पीक विम्याच्या वेळी महसूल मंडळाच्या शिवेवर अगदी हेच वाक्य ऐकलंय.

आता आमच्या घरचं. पीएम किसानचे वर्षाला 6,000 आबांना येतात. लेक डॉलर कमावते आणि बाप हप्ता घेतो, असं गावातले दोघेतिघे बोलतात, तेव्हा सांगून टाकते: योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. मी त्यात नाही. माझ्या नावावर वाटणीचं एकरभर आहे, पण अनिवासी म्हणून मला मिळत नाही आणि मी अर्जही केलेला नाही. मध्ये आबांचा अंगठा उमटेना म्हणून हप्ता अडकला होता. खुरपं धरून झिजलेला अंगठा तो. मग पुतण्याने चेहऱ्यासमोर मोबाइल धरून केवायसी करून दिली. गावाची यादी आपल्याकडेही ऑनलाइन असते, आणि आबांचं नाव तिथे बघून मला बरंच वाटतं.

हे सगळं काल कॉफी पिताना आजोबांना सांगत होते. 6,000 चे डॉलर किती, त्यांनी विचारलं. सत्तरच्या आसपास, मी म्हटलं.

"एकराला?"

मी नकारार्थी मान हलवली आणि त्यांना आणखी कॉफी ओतली.