तुम्ही विचारलंत म्हणून: सम्राटाचे नाक का कापत?

बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : कॉन्स्टँटिनोपल या त्याच्या राजधानीत (आजचे इस्तंबूल) पदच्युत सम्राटाला ठार न मारता त्याचे नाक कापत किंवा डोळे काढत, ते का? विचारणाऱ्याने बहुधा मनाशी धरलेले असते की हा निव्वळ रानटीपणा होता. मला तसे वाटत नाही. क्रौर्य तर होतेच, पण त्यामागे पक्का हिशेब होता.

सम्राट हा ईश्वराचा पृथ्वीवरील प्रतिनिधी मानला जाई आणि त्या जागी बसणारा माणूस अव्यंग असावा, असा संकेत होता. धृतराष्ट्राची कथा लहानपणापासून ऐकलेल्या आपल्याला हा विचार समजायला जड जाऊ नये. प्रतिस्पर्ध्याला कायमचे व्यंग आणले की त्याचा सिंहासनावरील हक्क संपे, आणि ख्रिस्ती राज्यकर्त्याच्या माथी खुनाचे पापही येत नसे. इतर वाटा मात्र व्यंग आलेल्या माणसाला मोकळ्या राहत. ८१३ मध्ये पहिला मायकेल पायउतार झाला तेव्हा त्याच्या मुलांना खच्ची करण्यात आले. त्यांपैकी निकेटास हा पुढे इग्नेशियस या नावाने ८४७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा पॅट्रिआर्क, म्हणजे राजधानीचा सर्वोच्च धर्मगुरू झाला.

हा हिशेब एका माणसाने मात्र पार खोटा पाडला. दुसरा जस्टिनियन ६८५ मध्ये, ऐन पोरवयात गादीवर आला आणि त्याच्या जाचक करवसुलीला कंटाळलेल्या लोकांनी ६९५ मध्ये बंड केले. हिप्पोड्रोम या शर्यतींच्या मैदानात त्याचे नाक कापून त्याला क्रिमियातील खेरसन येथे धाडण्यात आले आणि लिऑन्टियस सम्राट झाला. तीनच वर्षांत तिसऱ्या टायबेरियसने लिऑन्टियसचेही नाक कापले व त्याला मठात टाकले. रीतीप्रमाणे दोघांचाही विषय संपायला हवा होता. जस्टिनियनच्या मनात मात्र तसे काही नव्हते. तो खेरसनहून निसटून खझार टोळ्यांच्या खाकानाकडे, म्हणजे राजाकडे गेला, त्याच्या बहिणीशी त्याने लग्न केले, आणि टायबेरियसच्या लाचेला भुलून खाकान आपल्या जिवावर उठला आहे, हे त्या पत्नीकडूनच कळताच मारायला आलेल्या दोन अधिकाऱ्यांचा त्याने दोरीने गळा आवळला व मासेमारीच्या होडीतून पळ काढला. काळ्या समुद्रात वादळ उठले तेव्हा सोबतच्या एकाने त्याला विनवले की, राज्य परत मिळाले तर शत्रूंना क्षमा करीन, असा देवाला नवस बोला. त्यावर, त्यांच्यातल्या एकालाही सोडले तर देवाने मला इथेच बुडवावे, असे त्याने उत्तर दिल्याचे थिओफॅनीस हा इतिवृत्तकार सांगतो. या उत्तरात मला त्या माणसाचा सगळा स्वभाव दिसतो.

७०५ मध्ये बल्गारांचा राजा टेर्वेल याचे सैन्य घेऊन तो राजधानीच्या तटाशी आला. तटावरून लोकांनी त्याला यथेच्छ शिव्या दिल्या. तिसऱ्या रात्री मूठभर माणसांसह शहराला पाणी पुरवणाऱ्या नळातून तो आत शिरला आणि शहर त्याच्या हाती पडले. हिप्पोड्रोममध्ये लिऑन्टियस व टायबेरियस या दोघांच्या मानेवर पाय ठेवून तो शर्यती पाहत बसला, आणि मग दोघांचा शिरच्छेद करविला. त्याच्या या दुसऱ्या कारकिर्दीतील सोन्याची नाणी अवश्य पाहावीत : त्याच्या शेजारी त्याचा लहान मुलगा आहे, दोघांनी मिळून क्रूस धरला आहे, आणि सम्राटाचे नाक शाबूत आहे. रावेन्नाच्या नवव्या शतकातील एका लेखकाच्या म्हणण्याप्रमाणे तो सोन्याचे नाक लावीत असे. मला नाण्यावरचे ते धडधाकट नाक अधिक बोलके वाटते. ७११ मध्ये झालेल्या बंडात त्याचे शीर उडवले गेले आणि त्या कोवळ्या मुलालाही मारले.

पुढे सत्तेच्या दावेदारांसाठी नाकापेक्षा डोळ्यांवरच भर राहिला, कारण आंधळ्याला फौज चालवता येत नाही. सम्राज्ञी आयरीनने ७९७ मध्ये आपल्या पोटच्या मुलाचे, सहाव्या कॉन्स्टंटाइनचे डोळे काढविले, तेही राजवाड्यातल्या ज्या दालनात तो जन्मला होता त्याच दालनात. याला कोणी दया म्हणत असेल, तर ते मला मान्य नाही. खुद्द त्या समाजालाही हे नेहमीच पचत होते असे नाही. आठव्या मायकेलने १२६१ च्या नाताळात अकरा वर्षांच्या चौथ्या जॉन लास्करिसचे डोळे काढविले तेव्हा पॅट्रिआर्क आर्सेनिओसने त्या सम्राटालाच धर्मबहिष्कृत केले. मायकेलने त्या पॅट्रिआर्कला पदावरून दूर केले खरे, परंतु आर्सेनिओसच्या अनुयायांनी चर्चशी धरलेला दुरावा १३१० पर्यंत मिटला नाही, आणि त्याआधी १२९० मध्ये मायकेलचा मुलगा दुसरा अँड्रोनिकस याला त्या आंधळ्या जॉनकडे बंदिवासात जाऊन क्षमा मागावी लागली.