तुम्ही विचारलंत म्हणून: चॅटमच का?

घरी आलेला माणूस माझ्या गोदीतल्या रेल्वेच्या छोट्या मॉडेलसमोर वाकतो, इंजिन दोनदा पुढे-मागे करून बघतो आणि मग तोच प्रश्न येतो. "अहो, तुमचे वडील मुंबईला नौदलाच्या गोदीत होते ना? मग हे इंग्लंडमधलं चॅटम कशाला केलंत?" मॉडेलवाल्या मित्रांनी विचारलं, बहिणीच्या सासऱ्यांनी विचारलं, मुलीच्या मैत्रिणींनीसुद्धा विचारलं. दर वेळी मी म्हणतो, "तिथली माहिती मिळते." हे खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही, आणि तेवढंच बोलून गप्प बसण्याचा आता कंटाळा आलाय.

माहिती खरंच मिळते. चॅटमची गोदी केंटमध्ये, मेडवे नदीच्या काठी. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं 'व्हिक्टरी' हे जहाज तिथे बांधलं आणि १७६५ साली पाण्यात उतरवलं. १९८४ साली गोदी बंद झाली आणि तिचा जुना भाग आता तिकीट काढून बघता येतो. तिथली १९४१ चं 'अजॅक्स' आणि १९४६ चं 'इन्व्हिक्टा' ही इंजिनं जपलेली आहेत. दोन्ही चारच चाकांची, कारण कोठारं, कारखाने आणि धक्के यांच्या बेचक्यातून वळायचं तर लांब इंजिन चालत नाही. ही रेल्वे कुठल्या गावाला जायची नाही. लोखंड, कोळसा, लाकूड या शेडमधून त्या धक्क्यावर, एवढंच तिचं काम. मला ती आवडते ती त्यासाठीच.

रूळ जमिनीत बुडवलेले, फक्त चाकाच्या कडेपुरती खाच उघडी, म्हणजे माणसं आणि हातगाड्या वरून सरळ जाऊ शकतात. मी हे प्लास्टरमध्ये करतो. प्लास्टर अर्धवट ओलं असताना सुईने एकेक फरशी कोरायची आणि जुन्या टूथब्रशने रुळाचा माथा पुसून घ्यायचा. एक वीत करायला एक रविवार जातो. १:७६ च्या मापात तिथली दोर वळायची इमारत, खरी ३४६ मीटर लांब, साडेचार मीटर होते. डोंबिवलीतल्या माझ्या खोलीची भिंत त्याच्या निम्मी. म्हणून मी तिचं फक्त एक टोक केलंय, बाकीची भिंतीआड गेली असं समजायचं.

पण मला आधी मुंबईचीच गोदी करायची होती.

बाबा तिथे छत्तीस वर्षं रिगर होते, म्हणजे दोर-साखळ्या लावून अवजड सामान उचलणारे. रात्री जेवणं झाली की कधीतरी पाण्यात बोट बुडवून टेबलावर काढून दाखवायचे: ही सुकी गोदी, हे क्रेनचे रूळ, इथे वळताना चाकं करकरायची. तेही त्यांच्या उमेदवारीच्या काळातलं, जुनं. टेबल वाळायच्या आत मी ते वहीत उतरवून घ्यायचो. त्यांना वहीचं ठाऊक नव्हतं.

२०१२ च्या डिसेंबरात मी घारापुरीच्या लाँचमध्ये बसलो, बरोबर लांब लेन्सचा कॅमेरा. गोदीतल्या क्रेनच्या पायांची ठेवण मला कुठेच सापडत नव्हती. फोटो काढायला मनाई आहे हे मला माहीत होतं. जहाजं नको, नुसत्या क्रेन, असं मी माझ्या मनाशी ठरवलं होतं. अकरा फोटो काढले. परतीला गेटवेच्या पायऱ्यांवर साध्या कपड्यांतले दोघं उभे होते. सव्वीस-अकराला चारच वर्षं झालेली, समुद्रावरून येणाऱ्यांची धास्ती शहराच्या अंगात होती. त्यांनी त्यांचं काम केलं, त्यात मला काही म्हणायचं नाही.

कॅमेऱ्यावर भागलंही असतं. पिशवीत वही होती. हाताने काढलेला आराखडा, मापं, बाण. "हे कोणी सांगितलं?"

मी म्हणालो, "वडिलांनी."

तो शब्द गेला तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. बाबांना फोन गेला. संध्याकाळची लोकल धरून ते आले, इस्त्रीचा शर्ट घालून, निवृत्तीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन. समोरचे अधिकारी नातवाच्या वयाचे. त्यांनी खुर्ची दिली, बाबा बसले नाहीत. "साहेब, याची चूक झाली. माझी पण झाली. मी घरात बोलायला नको होतं." असं तीनदा म्हणाले. मी एक्केचाळीस वर्षांचा, त्यांच्या शेजारी उभा. दहा वाजता आम्हाला सोडलं. वही तिथेच राहिली.

गाडीत ते कुर्ल्यापर्यंत गप्प होते. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "छत्तीस वर्षं जाता-येता फाटकावर डबा उघडून दाखवला मी." पुढे घरापर्यंत एक शब्द नाही. त्यानंतर त्यांनी टेबलावर बोट टेकवलेलं मी पाहिलं नाही.

दोन महिन्यांनी मी चॅटमचे नकाशे उघडले. तेव्हा सगळ्यांना ऐकवायचो की ते लोक जपतात, आपण लपवतो. आज ते आठवलं की माझाच राग येतो. ब्रिटिश नकाशांच्या जुन्या आवृत्त्यांतही लष्करी जागा कितीदा कोऱ्याच सोडलेल्या असायच्या. चॅटमच्या फाटकावर पहारा होता तोवर तिथेही कुणी लेन्स लावून उभं राहू शकलं नसतं. ते उघडलं ते बंद पडल्यावर, हजारो कामगार घरी गेल्यावर. बाबांची गोदी चालू आहे. तिचं मॉडेल करता येत नाही हे चांगलंच आहे, हे मला पटतं. आणि तरी ती वही परत मिळावी असंही रोज वाटतं.

बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. माझ्या खोलीत ते फारसे येत नाहीत. मागच्या गणपतीत आले, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. धक्क्यावर मी एक रिकामी वाघीण उभी केली होती. "हिला उटी कुठाय?" म्हणाले. उटी म्हणजे चाक घरंगळू नये म्हणून खाली लावतात तो ठोकळा. "रुळावर काही उभं केलं की आधी चाकाला उटी. मग बाकीचं." आणि बाहेर गेले.

त्याच रात्री आगकाडी तासून मी दोन उट्या केल्या, तांदळाच्या कणीएवढ्या, आणि चाकाखाली चिकटवल्या. चॅटमच्या कुठल्याही फोटोत मला तशी लाकडी उटी अजून दिसलेली नाही. काढाव्यात का, हे ठरवलेलं नाही.