निधनवार्तेत न मावणारं

इंदुरातल्या मराठी घरची निधनवार्ता ठरलेल्या साच्यातली असते. वय, मागे कोण कोण, अंतिम यात्रा निज निवासातून रामबाग मुक्तिधामाकडे किती वाजता. आणि गेलेला माणूस रविवारी घरात न सापडणाऱ्यांपैकी असेल, तर नावाआधी एक विशेषण: निसर्गप्रेमी. त्या विशेषणात काय काय कोंबलेलं होतं, हे कळायला पावसाळा उजाडावा लागतो. इंदुराजवळच्या चोरलला गोठ, म्हणजे रानातलं सहभोजन, ठरते, गाडीत पातेली चढतात, आणि कुणाला तरी आठवतं की कंडे, म्हणजे गोवऱ्या, किती घ्यायचे, हे फक्त बाबांना ठाऊक होतं.

तेव्हा अशा वडिलांची आठवण काढायची ती हिशेबासकट काढावी. हिशेब बाफल्यांचा, म्हणजे उकडून मग निखाऱ्यावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा. एक किलो गव्हाचं रवाळ पीठ, वाटीभर मक्याचं पीठ, दीडशे ग्रॅम तुपाचं मोहन, ओवा, मीठ, हळद, चिमूटभर सोडा. एवढ्याला मध्यम आकाराचे वीसेक कंडे. आठ माणसं जेवतात. कणीक घट्ट. सैल झाली की बाफले उकळत्या पाण्यात विरघळायला लागतात आणि मग कितीही कोरडं पीठ चोळा, उपयोग नाही. लहान संत्र्याएवढे गोळे करून हळदीच्या पाण्यात उकडायचे. पंधरा-वीस मिनिटांत वर तरंगतात. हे काम घरीच, सकाळी. फडक्यावर पसरून पुरते सुकले तरच न्यायचे. ओल्या बाफल्याला राख अशी चिकटते की जेवणारा दातांनी मोजतो.

कंडे घेताना दोन एकमेकांवर आपटून बघायचे. वाळलेला खणखणीत वाजतो, सर्दावलेला भद्द करतो. पावसाळ्यात पोत्यात, पोत्याला वरून प्लॅस्टिक, आणि डिकीत ओल्या चपलांपासून लांब. रचताना दोन-दोन कंडे एकमेकांवर टेकवून उभे करायचे, मधे बोटभर फट ठेवायची, आणि पोटात करवंटीचे तुकडे किंवा कापराच्या वड्या. रॉकेल अजिबात नाही. त्याचा वास बाफल्यात उतरतो आणि डाळीतल्या लसणालाही हरत नाही.

खरी परीक्षा यानंतरची. पहिला अर्धा तास ज्वाळा आणि धूर. या काळात मंडळींना भूक लागलेली असते आणि प्रत्येकाला वाटतं की आता टाकायला हरकत नाही. धूर संपायच्या आत टाकलेला बाफला बाहेरून कोळसा, आतून कच्चा. कंडा वरून पांढुरका पडला, फोडल्यावर आत लाल दिसला, की काठीनं ठोकून दोन बोटं जाडीचा थर करायचा आणि मगच बाफले, वरून गरम राख. पंचवीस-तीस मिनिटं, मधे एकदा उलटायचे. तडा गेला की झाले. फडक्यात घोळवून राख झाडायची, जरा फोडायचे आणि तुपात बुडवायचे. तुपाच्या बाबतीत डॉक्टरांचं मत त्या दिवशी विचारायचं नसतं.

तो अर्धा तास काहीही न करता काढणं हेच वडिलांचं कसब. ते तुकोजीराव होळकर (दुसरे) यांची गोष्ट काढत: महाराजांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये 101 वर्षांच्या मुदतीनं, साडेचार टक्क्यांनी कर्जाऊ दिले आणि खांडवा-इंदूर रेल्वे झाली. मुलांना ती पाठ असते. त्याच रेल्वेच्या पातालपाणी ते कालाकुंड या घाटात 2018 पासून हेरिटेज गाडी सुरू झाली, तेव्हा त्या गोष्टीला एक पुरवणीही मिळाली. गोष्ट संपेपर्यंत निखारा तयार. हे गणित कुणी लक्षात घेतलं नव्हतं.

जागा निवडताना आधी वर बघायचं. झाडाला आग्या मोहोळ असेल तर धूर गेलाच म्हणून समजा, आणि पळायला दरीशिवाय वाट नसते. चूल ओढ्यातल्या ओल्या दगडांवर मांडायची नाही. आतलं पाणी तापून दगड फुटतो, चिपा उडतात. आणि पाण्याजवळ बसलात तर काठावरचा एक दगड खूण म्हणून धरून ठेवायचा. आपल्याकडे ऊन असलं तरी वर, महूच्या बाजूला, पाऊस झालेला असू शकतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, आवाज जड झाला, की ताटं तिथंच टाकून वर चढायचं. जुलै 2011 मध्ये पातालपाणीच्या धबधब्याला लोंढा आला आणि माणसं वाहून गेली. त्यानंतर बाबांची कटकट कुणाला कटकट वाटेनाशी झाली. निघताना राखेत पाणी ओतायचं, ढवळायचं, पुन्हा ओतायचं, आणि हाताची मागची बाजू वर धरून ऊब लागते का बघायचं. उन्हाळ्यात सागाचा पाचोळा पेटायला फार काही लागत नाही.

हिवाळ्यात हाच माणूस सिरपूरला बदकं आणि यशवंत सागरला सारस बघायला जायचा. दोन्ही तलाव 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले. बाबांना त्याआधी कुणाची परवानगी लागत नव्हती. त्यांची दुर्बीण कपाटात असते. मुलगा काढून बघतो तर डाव्या डोळ्याला स्वच्छ, उजव्याला धुरकट. दुरुस्तीला टाकायचं घाटतं. दुर्बिणीला काही झालेलं नसतं. उजव्या भिंगावरची कडी वडिलांच्या नंबरावर बसवलेली असते, एवढंच. उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं लांबची पाटी स्पष्ट करायची, मग डावा मिटून ती कडी फिरवत त्याच पाटीवरची अक्षरं जुळवायची. दोन मिनिटांचं काम. पण बऱ्याच घरांत ती कडी वर्षभर कुणी फिरवत नाही, आणि मला त्यात चूक दिसत नाही.

आता लाडवांचं. चूर्म्याच्या लाडवांसाठी सहा गोळे वेगळ्या कणकेचे, मीठ-हळद-सोडा न घालता आणि न उकडता, थेट निखाऱ्यावर भाजायचे. ओळखू यावेत म्हणून त्यांना बाफल्यासारखा अंगठ्याचा एक खळगा न पाडता दोन बोटांचे खळगे. भाजून कोमट असतानाच कुटायचे, गार झाले तर दगड होतात. चाळायचे, पिठीसाखर, वेलदोडा आणि तूप घालून वळायचे. खुणेचा नियम कोणी पाळला नाही तर मिठाचे लाडू होतात, आणि ते खाऊन संपवायची जबाबदारी ज्यानं गोळे वळले त्याची.