स्वॅपऑन म्हणतं इनव्हॅलिड आर्ग्युमेंट! माझा अनुभव

लिनक्समध्ये स्वॅपफाइल, म्हणजे रॅम कमी पडली की डिस्कवर जादा मेमरीसारखी वापरायची फाइल, बनवणं म्हणजे चार कमांडचं काम असं जिथे बघाल तिथे लिहिलेलं असतं. फॅलोकेट (फाइलला जागा देणं), सीएचमॉड ६०० (परमिशन), एमकेस्वॅप (स्वॅपचं स्वरूप देणं), स्वॅपऑन (चालू करणं). पहिल्या तीन बिनबोभाट झाल्या, चौथीला उत्तर काय तर 'स्वॅपऑन फेल्ड: इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. अरे पण कुठलं आर्ग्युमेंट? मी फक्त फाइलचं नाव दिलंय!

मुळात हे करायला बसले कारण ८ जीबी रॅम, स्वॅप शून्य, आणि मोठं काही कंपाइल करायला लावलं की आधी माउस अडकत अडकत चालायचा, डिस्कचा दिवा पेटलेलाच, आणि शेवटी ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोग्रॅम मारणारा कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) भाग, येऊन ब्राउझर उडवायचा. आता स्वॅपच नाही तर डिस्कवर एवढं चाललंय काय? तर मेमरी पेजेस नावाच्या छोट्या तुकड्यांत वापरली जाते. प्रोग्रॅमने स्वतःसाठी घेतलेली मेमरी, म्हणजे अ‍ॅनॉनिमस पेजेस, स्वॅप नसेल तर कर्नलला कुठे टाकताच येत नाही. मग तो फाइलमधून आलेली पेजेस काढतो, त्यात चालू प्रोग्रॅमचा कोडसुद्धा आला, आणि लगेच पेज फॉल्ट (हवं ते पेज मेमरीत नाही) होऊन तीच ४ केबीची पेजेस परत डिस्कवरून वाचत बसतो. 'स्वॅप बंद ठेवा, मशीन फास्ट होतं' म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

तर ती एरर. परमिशन बघितल्या, साइझ बदलली, एमकेस्वॅप परत चालवलं, तेच पालुपद. खरं कारण स्क्रीनवर येतच नाही हो, ते कर्नलच्या लॉगमध्ये जाऊन पडतं. सुडो लावून डीमेसेज, म्हणजे तो लॉग दाखवणारी कमांड, चालवली तेव्हा तळाशी सापडलं, 'स्वॅपफाइल मस्ट नॉट बी कॉपी-ऑन-राइट'. माझी फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत, बीटीआरएफएस, आणि ती कॉपी-ऑन-राइटवाली! एवढं एक वाक्य स्वॅपऑनने तोंडावर सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

कारण मात्र पटण्यासारखं आहे. स्वॅपऑन करताना कर्नल त्या फाइलचे ब्लॉक डिस्कवर नेमके कुठे आहेत याचा नकाशा बनवून ठेवतो आणि नंतर फाइलसिस्टिमला न विचारता थेट तिथेच लिहितो-वाचतो. बीटीआरएफएसची सवय उलटी, बदललेला डेटा जुन्या जागी न लिहिता नव्या जागी लिहायचा, हेच कॉपी-ऑन-राइट. म्हणजे ब्लॉक हलले, नकाशा जुनाच, आणि कर्नल भलत्याच फाइलच्या डोक्यावर लिहून मोकळा. म्हणून तो आधीच नाही म्हणतो. नकार बरोबर, भाषा चीड आणणारी.

उपाय असा की आधी रिकामी, शून्य बाइटची फाइल, तिच्यावर सीएचॲटर प्लस कॅपिटल सी (त्या फाइलपुरतं कॉपी-ऑन-राइट बंद करणारा फ्लॅग), आणि मगच ती भरायची. क्रम महत्त्वाचा, डेटा असलेल्या फाइलवर तो फ्लॅग लावून उपयोग नाही. आणि फाइल वेगळ्या सबव्हॉल्यूममध्ये (बीटीआरएफएसमधला स्वतंत्र भाग) ठेवा, कारण चालू स्वॅपफाइल असलेल्या सबव्हॉल्यूमचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेता येत नाही. कर्नल ५.० च्या आधीचा असेल तर बीटीआरएफएसवर स्वॅपफाइल विसराच. बीटीआरएफएस-प्रोग्ज (बीटीआरएफएसच्या कमांडचं पॅकेज) ६.१ किंवा पुढचं असेल तर 'बीटीआरएफएस फाइलसिस्टिम एमकेस्वॅपफाइल' ही एकच कमांड फाइल, फ्लॅग आणि एमकेस्वॅप हे सगळं करते, जे मला हे सगळं झाल्यावर कळलं, असो.

हो, एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना काय जोडायचं त्याची यादी) स्वॅपफाइलची ओळ टाका, नाहीतर रीबूट केलं की स्वॅप परत शून्य.

स्वॅपीनेस या कर्नलच्या सेटिंगचा डिफॉल्ट ६० असतो, तो मी तसाच ठेवलाय. ६० म्हणजे रॅम ६० टक्के भरली की स्वॅप सुरू, असं अजिबात नाही, अ‍ॅनॉनिमस पेजेस काढायची की फाइलची याचा तो कल आहे फक्त. आता कंपाइल पूर्ण होतं, ब्राउझर जिवंत राहतो. फ्री कमांडमध्ये स्वॅप थोडं वापरलेलं दिसलं तरी घाबरू नका, व्हीएमस्टॅट कमांडमधले एसआय आणि एसओ (स्वॅपमधून आत येणारा आणि स्वॅपमध्ये जाणारा डेटा) कॉलम बघा, ते सतत मोठे आकडे दाखवत असतील तरच रॅम कमी पडतेय.

आणि हायबरनेट (मेमरी डिस्कवर ठेवून मशीन बंद) करणार असाल तर रिझ्यूम ऑफसेट (स्वॅपफाइल डिस्कवर कुठे सुरू होते तो आकडा) फाइलफ्रॅग कमांडने काढू नका, बीटीआरएफएसवर तो आकडा चुकीचा येतो. त्यासाठी 'बीटीआरएफएस इन्स्पेक्ट-इंटर्नल मॅप-स्वॅपफाइल' ही कमांड आहे, तिला आर ऑप्शन द्या, जो आकडा येईल तोच टाका.