कानाझावात चष्मा हरवला त्याची गोष्ट

जपानमध्ये हरवलेली वस्तू हमखास परत मिळते, असं जो तो सांगतो. मिळते, खरंय. पण मधल्या दीड दिवसाचं कोणी बोलत नाही, म्हणून हे लिहितेय.

टोकियोतलं ऑफिसचं काम आटोपल्यावर जानेवारीत तीन दिवस एकटीच कानाझावाला गेले. २०१५ पासून शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, थेट जाते, अडीच तासांत पोचवते. त्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. हॉटेलही ठीक होतं.

घोळ झाला बसमध्ये. बाहेर बर्फाची भुरभुर, आत हीटर आणि माझ्या तोंडावर मास्क. मागच्या दाराने चढले, नंबराची चिठ्ठी घेतली आणि चष्म्यावर जी वाफ धरली ती काही हटेना. काढून मांडीवर ठेवला. केनरोकुएन बागेचा थांबा आला तेव्हा एका हातात ओली छत्री, दुसऱ्यात चिठ्ठी, आणि टोकियोत घेतलेलं प्रवासाचं कार्ड त्या बसला चालत नाही हे ऐन दारात कळलेलं. (सुट्टे नसतील तर घाबरू नका, ड्रायव्हरशेजारच्या यंत्रात हजार येनची नोट मोडते. फक्त गाडी थांब्यावर यायच्या आधी मोडून घ्या, माझ्यासारखं मागे रांग लावू नका.) पैसे टाकले, खाली उतरले, बस गेली. पुढची पाचेक मिनिटं मला वाटत होतं की बर्फच दाट पडतोय.

माझा नंबर उणे साडेचार, वर सिलिंडर. जास्तीचा चष्मा नाशिकला, कपाटात.

तुम्ही म्हणाल, नवा का नाही केला? स्टेशनजवळच्या दुकानात गेले होते. साधा नंबर असता तर तासाभरात दिला असता, सिलिंडरला काही दिवस लागतील म्हणाले. शिवाय नंबराचा कागद माझ्याकडे नव्हता. प्रवासाला निघताना त्या कागदाचा फोटो फोनमध्ये ठेवा, पासपोर्टच्या फोटोशेजारी.

मग बसकंपनीची खिडकी. काउंटरवरची बाई अतिशय सौजन्याने वागली, हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्या सौजन्यानेच लांबलं. ‘वासुरेमोनो’, म्हणजे विसरलेली वस्तू, हा शब्द मी पाठ करून गेले होते. तो म्हटल्याबरोबर तिने फॉर्म पुढे सरकवला. कागद नाकाला लावून मी भरू लागले. पहिली अडचण फोन नंबरची. माझ्याकडे नुसतं डेटाचं ई-सिम, त्याला नंबरच नसतो. भारतातला लिहिला तर ती हसून मान हलवते. रकाना रिकामा ठेवला तरी हसून मान हलवते. शेवटी हॉटेलचं कार्ड काढून तिथला नंबर आणि पत्ता दिला, आणि गाडी पुढे सरकली. हॉटेलचं छापील कार्ड पहिल्याच दिवशी खिशात टाका. एवढी एक गोष्ट आधी कोणी सांगितली असती तर माझा अर्धा तास वाचला असता.

दुसरी अडचण नावाची, आणि ही खास आपली. पासपोर्टवर माझं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. त्यांच्या फॉर्मवर रकाने दोनच. एक घराण्याच्या नावाचा, एक स्वतःच्या नावाचा, आणि वर उच्चार काताकाना लिपीत. त्या लिपीत ‘ळ’ नाही. काळेचं झालं ‘कारे’. जरा लांबवलं की त्याचा अर्थ ‘करी’, आपला रस्सा. आणि दत्तात्रयचं झालं ‘दात्तातोराया’. तिने ते तीनदा मोठ्याने म्हणून बघितलं, मीही तीनदा ‘हाय, हाय’, म्हणजे हो, हो, केलं. गाडी रात्री डेपोत गेल्यावरच तपासता येईल, उद्या सकाळी नऊनंतर या, म्हणाली.

संध्याकाळी पाचलाच अंधार. आंधळी कोशिंबीर खेळत हॉटेलवर जाताना वाटेत कोबान, म्हणजे पोलिसचौकी, लागली. तिथेही हरवल्याची नोंद केली. दुभाषी फोनवर घेतला, वीस मिनिटांत काम झालं. कोणाला कुठे जायचं कळत नसेल तर मी म्हणेन आधी चौकीतच जा. पोलिसांकडे पोचलेली वस्तू तीन महिने सांभाळून ठेवतात.

दुसऱ्या दिवशी नऊला खिडकीवर हजर. आज दुसरा माणूस. संगणकात ‘कारे’ शोधलं. नाही. पुन्हा शोधलं. नाही. मी ‘मेगाने, मेगाने’, म्हणजे चष्मा, म्हणत बोटांची वर्तुळं डोळ्यांना लावून दाखवली. त्याने आतून ट्रे आणला. त्यात तीन चष्मे, तिन्ही काळ्या फ्रेमचे, एकही माझा नाही. (माझाही काळ्याच फ्रेमचा. फ्रेमच्या आत लाल पट्टी आहे, हे मी फॉर्मवर लिहिलंच नव्हतं. असल्या खुणा लिहा.) मग त्याने डेपोला फोन लावला, बराच वेळ बोलला, वाकून मला बसायला सांगितलं. मी बसले. बाकी लोक तिकिटं घेऊन जात होते, सगळे धूसर. पाऊण तास गेला. एव्हाना माझा पारा चढला होता, पण समोरचा माणूस दर दहा मिनिटांनी येऊन माफी मागत असेल तर भांडणार कोणाशी?

शेवटी मलाच सुचलं. कागदावर वडिलांचं नाव लिहून दिलं. त्याने टाइप केलं आणि लगेच ‘आआ!’ आदल्या दिवशीच्या बाईने दत्तात्रय हेच आडनाव धरलं होतं. चष्मा रात्रीच आला होता, तिथल्याच कपाटात होता, माझ्यापासून दहा पावलांवर. पासपोर्ट दाखवला, दोन ठिकाणी सह्या केल्या आणि प्लास्टिकच्या पाकिटातला चष्मा हातात आला. काचासुद्धा पुसलेल्या. फॉर्म भरताना आडनावाखाली रेघ मारा, बोट ठेवून दाखवा, वाटल्यास दोनदा.

केनरोकुएन पुन्हा बघितलं. आदल्या दिवशी ३२० येन देऊन धुकं बघून आले होते, आता आणखी ३२०. पण ते युकित्सुरी उघड्या डोळ्यांनी बघायलाच हवेत. झाडाशेजारी उंच खांब, त्याच्या टोकापासून एकेका फांदीपर्यंत ताणलेले दोर, सगळं मिळून शंकूसारखं. इथला बर्फ समुद्राकडून येणारा, ओला आणि जड, फांद्या मोडतो, म्हणून १ नोव्हेंबरपासून हे दोर चढवायला घेतात. काल मला ते तंबू वाटले होते. नागामाचीतल्या जुन्या सामुराई घरांच्या मातीच्या भिंतींनाही हिवाळ्यात गवताच्या चटया बांधतात. ओमिचो बाजारात खेकडेच खेकडे. मी गरम सोबा, म्हणजे जपानी नूडल्स, खाल्ल्या.

‘डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस’ अशी कानाझावाकडची म्हण आहे. छत्री मी विसरले नाही.

पाकिटावरची चिठ्ठी जपून घरी आणली. तिच्यावर काताकानात ‘दात्तातोराया’ आणि पुढे ‘सामा’, म्हणजे आपलं श्रीयुत, जरा जास्तच आदराचं. बाबांना वाचून दाखवली. त्यांनी ती देव्हाऱ्याशेजारच्या कॅलेंडरला टाचणीने लावलीय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. चष्मा हरवल्याचं मात्र कोणाला सांगत नाहीत.