ओव्हरशूट

वर्क ऑर्डर साडेतीन ओळींची होती. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागातल्या एका साइटचा, म्हणजे टॉवरचा, तिसरा सेक्टर (एका दिशेचा अँटेना) ओव्हरशूट करतोय, ड्राइव्ह टेस्ट (गाडीतून सिग्नलची मोजणी) करून लॉग पाठवा, टिल्ट किती खाली घ्यायचा ते सुचवा. मुदत दोन दिवस.

ओव्हरशूट म्हणजे ज्या वस्तीसाठी टॉवर उभा केला ती सोडून त्याचा सिग्नल डोंगर ओलांडून भलतीकडेच जाऊन पडणं. शेजारच्या साइटच्या कामात लुडबूड होते, आकडे बिघडतात, म्हणून आमच्या धंद्यात तो दोष. उपाय सोपा. अँटेना दोन-तीन अंश जमिनीकडे झुकवायचा, हाच टिल्ट. हल्ली त्यासाठी टॉवरवर माणूसही चढवावा लागत नाही, ऑफिसात बसून होतं.

मी नाशिकला असतो. एका मोबाइल कंपनीच्या कंत्राटदाराकडे आरएफचं, म्हणजे रेडिओ सिग्नलचं, काम करतो, अकरा वर्षं झाली. गाडीत चार टेस्ट फोन, लॅपटॉप, जीपीएस, इन्व्हर्टर आणि दिवसभर पडद्यावर उमटणारे हिरवे-पिवळे-लाल ठिपके. त्याच्या आदल्या आठवड्यात मी हिंजवडीत होतो. तिथल्या एका सोसायटीची तक्रार होती, लिफ्टमध्ये कॉल तुटतो. बाराव्या मजल्याच्या बाल्कनीत फाइव्हजीवर सहाशेच्या वर एमबीपीएस मिळत होते आणि एक काका मला लिफ्टचं दार पुन्हा पुन्हा बंद करून दाखवत होते. तक्रार खरी होती, लोखंडी डब्यात कॉल तुटतोच. पण मोबाइल परवान्याच्या हिशेबात हिंजवडी आणि धडगाव एकाच घरात राहतात. देशाचे असे २२ भाग पाडलेत. मुंबईचा वेगळा, बाकी महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक. त्या एका घराची सरासरी काढली की पुण्याचं पांघरूण नंदुरबारच्या अंगावरही येतं.

वर्क ऑर्डरसोबत एक तक्ता होता, टॉवरपासून किती लांबून किती कॉल होतात त्याचा. त्या तक्त्यापायीच मी दोन दिवसांचं काम तीन दिवसांवर नेलं.

फोन आपल्यापासून किती लांब आहे हे टॉवरला कळतं. टूजीत त्याला टायमिंग अ‍ॅडव्हान्स म्हणतात आणि त्यातला एक आकडा म्हणजे साधारण ५५० मीटर. या सेक्टरचे बहुतेक कॉल शून्य ते सहाच्या आत होते, म्हणजे बाजारपेठ आणि आसपास. पुढे तुरळक. मग काहीच नाही. आणि एकदम ३४ वर छोटासा उंचवटा, रोज आठ-दहा कॉल. ३४ म्हणजे पावणेएकोणीस किलोमीटर.

"घाटातली गाडी असेल एखादी," साहेब म्हणाले, "नाहीतर काउंटरची गडबड. सोड."

पण गाडी ३४ वरच कशाला थांबेल? ३३ नाही, ३५ नाही. कॉल सकाळी लवकर आणि संध्याकाळी, आणि बाजाराच्या आदल्या दिवशी दुप्पट. कॉल मोजणाऱ्या काउंटरला बाजाराचा वार कळत नाही.

मे महिना होता. तळोद्याहून चांदसैली घाटाने चढलो. ड्रायव्हर धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा. प्रत्येक वळणाला माझ्या पडद्यावरचे ठिपके पिवळे, लाल आणि मग नाहीसे व्हायचे, आणि तो आरशातून विचारायचा, "गयं?" मी म्हणायचो, "गयं." पुढच्या वळणाला परत यायचे. सातपुड्यात हे असंच. रेडिओलहरी डोंगराला वळसा घालत नाहीत, सोंडेमागे सरळ सावली पडते. त्यात इथलं गाव म्हणजे एका जागी वसलेलं गाव नव्हे. आठ-दहा पाडे, प्रत्येक पाडा आपापल्या उतारावर, घर घरापासून हाकेच्या अंतरावर आणि पाडा पाड्यापासून तासाच्या चालीवर. कागदावर मात्र ते एकच गाव. त्यातल्या एका पाड्याला रेंज आली की यादीत गावापुढे बरोबरची खूण पडते. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांपासून कंपन्यांना कव्हरेजचा नकाशा संकेतस्थळावर मांडावा लागतो, ते चांगलंच झालं. पण तो नकाशा बराचसा गणिताने रंगवलेला असतो. आमच्याकडचं गणितही ३४ च्या त्या वर्तुळावर एका डोंगराच्या कडेला हिरवट फटकारा दाखवत होतं. अस्तंब्याच्या डोंगराकडे तोंड करून उभं राहिलं तर अंदाजे उजव्या हाताला.

रस्ता संपला तिथे एक सिमेंटचा चौथरा दिसला. चार कोपऱ्यांत बोल्ट, गंजून तांबूस झालेले, त्यातल्या एकाला शेळी बांधलेली. टॉवरचा पाया. कोणत्या योजनेतला ते तिथे कुणाला माहीत नव्हतं. २०२१ च्या नोव्हेंबरात केंद्राने पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित (विकासात मागे पडलेल्या) जिल्ह्यांमधल्या ७,२८७ गावांना फोरजी द्यायचं ठरवलं, त्यात महाराष्ट्र होता. २०२२ च्या जुलैत देशभरातल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी मंजूर झाले. पैशाअभावी टॉवर अडतो असं मला या कामात फारसं दिसलेलं नाही. लोखंड वर न्यायला रस्ता नाही, रस्त्याला वनखात्याची परवानगी नाही, वीज आहे पण पावसाळ्यात चार-चार दिवस नाही, आणि हे सगळं जमलं तरी टॉवरला पुढे जोडायला फायबर किंवा समोर दिसणारा दुसरा टॉवर हवा. एकेका पायाशी हे चार हिशेब अडून बसलेले असतात.

ड्रायव्हर गाडीपाशी थांबला. मी दोन फोन आणि लॅपटॉप पाठीवर टाकून तासभर चढलो. सोबत एक पोरगा आला, अकरावीतला, तळोद्याला वसतिगृहात राहणारा. उतारावर जिथे सपाटी मिळेल तिथे कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या. या भागात आमचूर हाच उन्हाळ्याचा पैसा. आंबट वास नाकात इतका बसला की पुढे आठवडाभर लॅपटॉपच्या पिशवीला येत होता.

माथ्याच्या थोडं खाली एक दगड होता. कमरेएवढा, वरून सपाट, आणि माणसं बसून बसून तुकतुकीत झालेला. त्यावर एक काका बसले होते. गळ्यात दोरीने बांधलेली प्लास्टिकची पिशवी, पिशवीत बटणांचा फोन, पिशवी न काढता ते बोलत होते. बाजूला तीन माणसं पाळीची वाट बघत उभी. माझ्या जीपीएसने टॉवरपासूनचं अंतर दाखवलं, १८.६ किलोमीटर.

साहेबांची घाटातली गाडी म्हणजे हा दगड.

बोलणं व्यापाऱ्याशी चाललेलं, धडगावात आमचूरला आज काय भाव. भाव पडलेला असेल तर पाठीवर पोतं घेऊन इतकं उतरायचं कशाला? फोन ठेवून ते मला म्हणाले, "साहेब, टॉवरवाले का?" मी हो म्हटल्यावर पोराने आपला टचस्क्रीन फोन पुढे केला. "दोन काड्या दिसतात बघा. पण लागत नाही. कधीच लागत नाही. काकांच्या डब्यावर लागतो."

खरं सांगायचं तर मला वाटलं पोराचा रिचार्ज संपलाय. मी माझा टेस्ट फोन फोरजीवर लॉक केला आणि कॉल लावला. आरएसआरपी, म्हणजे फोनपर्यंत पोचणाऱ्या सिग्नलचा जोर, उणे ११३. वाईट, पण अगदीच टाकाऊ नाही, एवढ्यावर कॉल लागायला हरकत नसते. लागला नाही. दहा वेळा लावला, दहाही वेळा लॉगमध्ये एकच ओळ, टॉवरशी पहिली ओळखच होत नाही. फोन दर खेपेला आवाज चढवत चढवत शेवटच्या पट्टीवर गेला आणि गप्प झाला. मग टूजीवर लॉक केला. तिसऱ्या सेकंदाला रिंग. टायमिंग अ‍ॅडव्हान्स ३४.

मी दगडाला टेकून बसलो आणि हसायला आलं. अकरा वर्षांत हे पुस्तकात वाचलेलं, डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

काकांना सांगायला गेलो तेव्हा शाळेतली हजेरी आठवली. मास्तर नाव पुकारतात, क्षणभर थांबतात, "हजर" आलं तर ठीक, नाहीतर फुली मारून पुढचं नाव. फोरजीचा टॉवर तसा. किती वेळ थांबायचं ते आम्ही ऑफिसात ठरवून दिलेलं असतं. इथे ते साडेचौदा किलोमीटरपुरतं होतं. म्हणजे सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर जाऊन-येऊन त्यातले ९७. या दगडावरून लागतात साधारण सव्वाशे. पोराचा फोन टॉवरची हाक नीट ऐकतो, म्हणून काड्या दाखवतो. तो "हजर" म्हणतोही, पण तोवर फुली पडलेली असते. टूजीचा मास्तर जुन्या वळणाचा, ३५ किलोमीटरपर्यंत थांबणारा. शिवाय ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला बटणांचा फोन गरज पडली तर दोन वॅटनी ओरडू शकतो, नव्या फोनला फोरजीवर परवानगी आहे त्याच्या दहाव्या हिश्श्याची.

"म्हणजे डबा भारी," काका म्हणाले. पोराचं तोंड उतरलं. सहा हजारांचा फोन होता त्याचा.

तेवढ्यात अंगणवाडीच्या ताई आल्या, त्यांच्याकडे सरकारी फोन. पोषण ट्रॅकरवर वजनं भरायला त्या आठवड्यातून एकदा गाडीरस्त्याच्याही पुढे खिंडीपर्यंत जातात, तिथे फोरजी लागतं. त्या कामाला दगडाचा उपयोग नाही, टूजीवर ते अ‍ॅप उघडतच नाही. "कॉलपुरता दगड, कामाला खिंड," एवढंच म्हणाल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या.

मग मला वर्क ऑर्डर आठवली. टिल्ट.

या अंतरावर अँटेना एक अंश झुकवला की किरणाचा मध्य तीनशेहून जास्त मीटर खाली येतो. मी मनात तीन अंश धरून आलो होतो. म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर. हा दगड, ही रांग, तक्त्यातला ३४ चा उंचवटा, सगळं एका रात्रीत साफ होणार होतं आणि आमचा अहवाल सुंदर दिसला असता. धडगाव बाजारातल्या लोकांना खरोखरच चांगला वेग मिळाला असता, हेही खोटं नाही. तिथे संध्याकाळी फोरजी रडतं ते मी आदल्या दिवशी मोजलं होतं. मी आजवर किती सेक्टर झुकवलेत याचा हिशेब करायला लागलो आणि थांबलो.

साहेबांशी लगेच बोलायला हवं होतं. टेस्ट फोन लॉगपुरते, माझा स्वतःचा फोन निव्वळ शोभेचा. काकांकडे डबा मागितला. त्यांनी पिशवीसकट दिला, बटण कुठे दाबायचं ते दाखवलं आणि रांगेतल्या लोकांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. सगळे हसले.

"कोण?" साहेबांनी विचारलं. अनोळखी नंबर.

मी नाव सांगितलं.

"कुठून बोलतोयस?"

"सर, ३४ वरून."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. कॉल तुटला असं वाटून मी फोन कानापासून काढून बघितलासुद्धा. मग म्हणाले, "म्हणजे माणसं आहेत?"

"आत्ता चार आहेत. माझ्यामागे रांग आहे."

साहेब काही दुष्ट माणूस नाही. त्यांच्यावर केपीआयचं, म्हणजे नेटवर्कच्या आकड्यांचं, भूत असतं, माझ्यावर त्यांचं. अर्धा तास त्या डब्यावर आमची घासाघीस चालली, दोनदा कॉल तुटला, काकांचं बॅलन्स मी खाल्लं ते नंतर भरलं. मी दोन गोष्टी मागितल्या. एक, टूजीचा टिल्ट आहे तसाच ठेवा. अँटेनाचं खोकं एक असलं तरी पट्ट्यागणिक टिल्ट वेगळा ठेवता येतो. दोन, फोरजीच्या टॉवरची 'हजर' ऐकायची मुदत वाढवा, तशी सोय त्यात आहे. पहिली गोष्ट त्यांनी तिथल्या तिथे मान्य केली. दुसरीला म्हणाले, लिहून पाठव. मुदत वाढवली की बाजारातल्या गर्दीच्या वाट्याचं थोडं जातं, शिवाय उणे ११३ वर पोरगं व्हिडिओ बघायला लागलं तर एकटाच सगळा सेक्टर अडवून धरेल. मुद्दा चुकीचा नव्हता, पण मला आवडला नाही.

नाशिकला येऊन अहवाल लिहिला. 'ओव्हरशूट' या रकान्यात 'होय' लिहावंच लागलं, तिथे दुसरा पर्याय नाही. शेऱ्यात लिहिलं की ३४ वरचे कॉल खऱ्या ग्राहकांचे आहेत, जागेचे अक्षांश-रेखांश आणि दगडाचा फोटो सोबत. दगडाचा फोटो का, असं एका तरुण सहकाऱ्याने विचारलं.

बारा दिवसांनी रात्री अडीचला फोरजी दोन अंश खाली गेलं. टूजीला हात लावला नाही. बाजारातला वेग वाढला, ग्राफ सरळ झाला. माझी दुसरी मागणी अजून 'विचाराधीन' आहे. पोराने खिंडीतून मेसेज केला, "सर आता दोन काड्या पण गेल्या." त्याला काय उत्तर द्यावं सुचलं नाही. खोट्या काड्या होत्या, पण होत्या.

निघताना मी काकांना म्हटलं होतं, पुढच्या महिन्यात कधीतरी दगडावरून मला मिस्ड कॉल द्या, चालू आहे की नाही ते कळेल. टिल्ट झाल्यानंतरच्या सकाळी सहा चाळीसला आला. नंबर मी 'दगड' नावाने सेव्ह केलाय. उलटा फोन लावला. वाऱ्याचा आवाज, मागे कोंबडा, आणि काका. खुशाली वगैरे काही नाही.

"साहेब, नाशिकला आमचूरला काय भाव चाललाय?"

मला माहीत नव्हता. विचारून कळवतो म्हटलं, आणि चहा न घेताच पंचवटीच्या मार्केटकडे गाडी काढली.