३२ पाने आणि सिमेंटचा एक उतार

आमच्या अंकाला सगळे मासिक म्हणत असले, तरी तो महिन्याच्या महिन्याला निघत नाही. पुरेशी छायाचित्रे जमली, लिहायचे कबूल केलेल्या तीन-चार जणांनी खरोखरच लिहून दिले आणि झेरॉक्सपुरते पैसे हाताशी आले की तो निघतो. म्हणून त्याला अनियतकालिक हाच नेमका शब्द आहे. स्केटबोर्डिंगला वाहिलेला, ए-फोर कागद मधोमध दुमडून केलेला, ३२ पानांचा हा कृष्णधवल अंक आम्ही पाच जण मिळून काढतो. आतापर्यंत ११ अंक निघाले. बारावा सध्या जुळणीत आहे आणि तो जुळवताना हे काम आपण कशासाठी करतो, ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले.

पहिले दोन अंक मी चुकीच्या समजुतीने काढले. आपल्याकडच्या उत्तमोत्तम ट्रिक दाखवणे हेच स्केटबोर्डिंगच्या अंकाचे काम असते असे मी धरून चालले होते, त्यामुळे आमच्यातल्या सर्वांत तयार अशा चार मुलांनीच ती पाने भरली. अंक देखणा झाला होता. दुसऱ्या अंकाच्या प्रती वाटल्या त्या संध्याकाळी एका मुलीने तो शेवटच्या पानापर्यंत उलटून पाहिला, नीट मिटला आणि मला परत दिला. ती वर्षभर रोज येत होती, आणि सगळ्यांच्या आधी येऊन न सांगता जागा झाडून काढत होती. स्केटबोर्डच्या कडक, लहान चाकाखाली बारीक खडा आला तरी चाक जागीच थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. तिच्या झाडण्यामुळे किती जणांची मनगटे शाबूत राहिली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. तिने तक्रार केली नाही, पण अंक परत देणे हे मला पुरेसे स्पष्ट होते. जगातली सर्वांत अवघड ट्रिक आज कोणालाही फोनवर पाहता येते. या जागेवर कोण येत होते, कोण काय शिकले, जागा कोणी राखली, हे मात्र आम्ही लिहिले नाही तर कुठेही लिहिले जाणार नाही. तिसऱ्या अंकापासून आम्ही अंकाकडे नोंदवहीसारखे पाहू लागलो.

मोठ्या मासिकांचा इतिहास वाचताना हीच गोष्ट मला वेगळ्या रूपात दिसते. अमेरिकेत ‘स्केटबोर्डर’ १९६४ मध्ये त्रैमासिक म्हणून निघाले आणि खेळाची पहिली लाट ओसरताच चार अंकांत थांबले. १९७०च्या दशकात युरेथेन या प्लास्टिकची चाके आली, खडबडीत जमिनीवरही फळी धावू लागली, आणि १९७५ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. दशक संपता संपता स्केटपार्क एकामागून एक बंद पडू लागले, तेव्हा १९८० मध्ये त्याने नाव बदलले, इतर खेळांनाही पाने दिली आणि काही काळाने ते बंदच झाले. नेमक्या त्याच पडत्या काळात, जानेवारी १९८१ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोहून ‘थ्रॅशर’चा पहिला अंक वर्तमानपत्री कागदावर छापून बाहेर पडला. त्यामागच्या एरिक स्वेन्सन आणि फाउस्टो व्हिटेलो यांचा ट्रकचा, म्हणजे फळीखाली चाकांना धरून ठेवणाऱ्या धातूच्या जोडणीचा, व्यवसाय होता, आणि आपला माल खपावा हा हेतू त्यात होताच. त्यात मला काही वावगे वाटत नाही. बाजार उठून गेल्यावरही जे स्केटिंग करत राहिले, त्यांच्यासाठी ते छापले गेले, याला मी जास्त महत्त्व देते. त्याच दशकात कापून, चिकटवून, झेरॉक्स काढून मुलांनी पोस्टाने एकमेकांना पाठवलेले असंख्य छोटे अंकही निघाले, आणि आमचा अंक त्यांच्याच कुळातला आहे.

जाहिरातीबद्दल आमचे धोरण थोडक्यात असे आहे: जाहिरात मागच्या आतल्या पानावर येते, आणि जाहिरातदाराकडून फळ्या घेणाऱ्या स्केटरचे छायाचित्र त्या अंकाच्या मुखपृष्ठावर येत नाही. एका विक्रेत्याने मुखपृष्ठाची अट घातली होती. आम्ही नकार दिला आणि तो अंक २० पानांचाच निघाला.

पानांच्या जुळणीबद्दल मात्र मला मोकळेपणाने लिहायचे आहे, कारण या कामात मी सर्वांत जास्त रमते. एक कागद दुमडला की त्याची चार पाने होतात, म्हणून पाने नेहमी चाराच्या पटीत ठेवावी लागतात. ३२ पानांना ८ कागद लागतात. कागदाच्या एका बाजूला शेजारी-शेजारी येणाऱ्या दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज दर वेळी ३३ यायला हवी: पहिल्याच्या शेजारी बत्तिसावे, दुसऱ्याच्या शेजारी एकतिसावे, याप्रमाणे. वाचताना समोरासमोर दिसणारी पाने छापताना वेगवेगळ्या कागदांवर असतात, आणि १६ व १७ ही मधली जोडीच काय ती सलग कागदावर येते. त्यामुळे एखादी ट्रिक सात-आठ चौकटींत उलगडून दाखवायची असेल, तर ती मधल्या जोडीवरच घ्यावी लागते. इतरत्र घेतली तर दोन कागदांच्या सांध्यावर एखादी चौकट हमखास सरकते. या जोडीसाठी आमच्यात दर अंकाला वाद होतो आणि तो व्हावा असेच मला वाटते. झेरॉक्सच्या यंत्राला राखाडी छटा नीट पेलत नाहीत: आकाश पांढरे पडते, सावल्यांचे काळे गोळे होतात, आणि काळी पँट घातलेला स्केटर काळोख्या भिंतीसमोर कमरेखाली नाहीसाच होतो. म्हणून आम्ही संध्याकाळी फ्लॅश बाजूला धरून छायाचित्रे काढायला शिकलो. घडीवर टोनर, म्हणजे झेरॉक्सची काळी पूड, सोलवटतो, म्हणून घडीवर कोणाचाही चेहरा येऊ द्यायचा नाही. पिना मारून झाल्यावर आतले कागद केसभर बाहेर डोकावतात, म्हणून कडेची कापणी शेवटी करायची. हे सगळे आम्ही अंक वाया घालवून शिकलो आहोत.

छायाचित्रांच्या बाबतीत आमचा नियम कडक आहे. स्थिर छायाचित्रात ट्रिक पुरी झाली की नाही हे दिसत नाही. किकफ्लिपमध्ये फळी पायांखाली पूर्ण गिरकी घेते. गिरकी संपताना पाय फळीला भिडतात तो क्षण टिपला, तर पुढच्या क्षणी तोल गेला आणि फळी सुटली हे वाचणाऱ्याला कधीच कळणार नाही. स्केटर मात्र ते जाणतो, आणि तिथे उभे असलेले सगळे जाणतात. म्हणून स्केटर चाकांवर उतरून पुढे सरकत गेला असेल, तरच ते छायाचित्र छापायचे. सहाव्या अंकाच्या वेळी आमच्याकडे फिशआय, म्हणजे फार रुंद दृश्य टिपणाऱ्या, भिंगातून अगदी जवळून घेतलेले एक छायाचित्र होते, आणि तेवढे चांगले आम्हाला नंतर कधी मिळाले नाही. मुलाने चाळीसेक प्रयत्न केले होते आणि ट्रिक एकदाही उतरली नव्हती. तो स्वतःच येऊन म्हणाला, “ताई, हे नको छापू, मी परत करतो.” दोन आठवड्यांनी ती उतरली तेव्हा उजेड वाईट होता आणि भिंतीवर आमच्यापैकीच कोणाची तरी सावली पडली होती. आम्ही ते दुसरे छायाचित्र मुखपृष्ठावर घेतले.

छायाचित्राखालच्या ओळीचेही तसेच आहे. ट्रिकचे नाव, ती नेहमीच्या उभे राहण्याने केली की स्विच, म्हणजे उलट्या बाजूने, छायाचित्र कोणाचे, आणि स्केटरचे नाव तो स्वतः लिहितो तसे. चौथ्या अंकात माझ्या हातून एका मुलाचे आडनाव चुकले. प्रती वाटल्या गेलेल्या नव्हत्या, म्हणून आम्ही दीडशे प्रतींतले ते नाव एका रात्रीत हाताने दुरुस्त केले. तेव्हापासून कोणी घाईत असले तरी मी वही पुढे करते आणि नाव लिहून घेते.

आता सर्वांत जड गोष्ट. पाचव्या अंकात आम्ही एका गुळगुळीत दगडी कट्ट्यावर केलेल्या ग्राइंडचे, म्हणजे कडेवरून ट्रक घासत जाण्याचे, छायाचित्र छापले. मागे इमारतीची पाटी स्पष्ट दिसत होती आणि आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आले नाही. आमच्याआधीच्या पिढीतले स्केटर तो कट्टा कित्येक वर्षे जपून वापरत होते: सुट्टीच्या दिवशी, मोजके जण, पाऊण तासात आवरते घेऊन, कडेला लावलेले मेण पुसून. अंक निघाल्यावर तिथे गर्दी होऊ लागली आणि काही आठवड्यांत कट्ट्याच्या कडेला हातभर अंतरावर लोखंडी गुट्ट्या ठोकल्या गेल्या. कट्टा गेला. वडीलधाऱ्या स्केटरांनी आरडाओरडा केला नाही. त्यातल्या एकाने वर्षभर आम्हाला एकही छायाचित्र दिले नाही, आणि ते योग्यच होते. ती चूक माझी होती, कारण अंतिम पाने माझ्या हातून गेली होती. त्यानंतर जागा सर्वांसाठी खुली किंवा आम्ही स्वतः बांधलेली नसेल, तर तिचे नाव आम्ही छापत नाही आणि ओळख पटेल असा भाग कापून टाकतो.

पण नोंद ठेवायची आणि जागा लपवायची, हे दोन्ही एकत्र कसे साधायचे? यासाठी अंकाबरोबर एक जाड वही आम्ही चालवतो. तिच्यात प्रत्येक छायाचित्राची नेमकी जागा, दिवस आणि हजर असलेल्यांची नावे असतात, आणि ती छापली जात नाही. हे निव्वळ हौसेने चाललेले नाही. लंडनमध्ये थेम्सकाठच्या साउथबँक या कलाकेंद्राखालच्या मोकळ्या जागेत १९७०च्या दशकापासून स्केटिंग चालत आले आहे. २०१३ मध्ये ती जागा दुकानांना देण्याचा आराखडा पुढे आला, तेव्हा स्केटरांनी मोठी मोहीम उभारली आणि ती जागा ‘व्हिलेज ग्रीन’, म्हणजे सर्वांच्या वापराची मोकळी जागा, म्हणून नोंदवली जावी असा अर्जही केला. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे अशा अर्जासाठी लोकांनी ती जागा सलग २० वर्षे वापरल्याचे दाखवावे लागते. सप्टेंबर २०१४ मध्ये समझोता झाला, जागा राहिली, आणि २०१९ मध्ये तिचा बंद असलेला काही भागही पुन्हा खुला झाला. वीस वर्षांचा वापर दाखवायचा, तर तारीख असलेल्या छायाचित्राइतका उपयोगी कागद दुसरा कोणता असेल? आमच्या वहीत तारीख टाकताना मला दर वेळी त्या जागेची आठवण येते.

कट्टा गेल्यामुळेच आम्ही स्वतःची जागा बांधायला निघालो. या कामाचा आदर्श अमेरिकेतल्या पोर्टलँड शहरातल्या बर्नसाइड पुलाखालचा पार्क. १९९० मध्ये तिथे स्केटरांनी परवानगीशिवाय भिंतीच्या पायथ्याशी सिमेंटचा उतार घालायला सुरुवात केली, आणि पुढे नगरपालिकेनेही तो पार्क मान्य केला. आम्ही मात्र जमिनीच्या मालकाला आधी विचारले. एका पडीक शेडची फरशी त्यांनी वापरू दिली.

पहिला उतार फसला. आम्ही माल पातळ कालवला, तो वक्रावरून खाली घसरत राहिला, आणि वाळल्यावर त्याला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. आम्ही तो घणाने फोडला आणि त्याच राडारोड्याचा दुसऱ्या उताराखाली भराव केला. दुसऱ्या वेळी माल इतका घट्ट ठेवला की मुठीत दाबला तरी गोळा फुटत नव्हता. प्लायवुडचा वक्र साचा कापला, त्याची त्रिज्या सुमारे २ मीटर ठेवली, १० सेंटीमीटर जाडीच्या मधोमध लोखंडी जाळी राहील असे तिच्याखाली दगड लावले, आणि वरच्या काठाला पोलादी नळी बसवली. नळी काठाच्या जेमतेम अर्धा सेंटीमीटर पुढे असावी लागते. ती आत गेली तर ट्रक तिला पकडत नाही आणि फार पुढे आली तर चाके अडकतात. वरचे पाणी उडून गेल्यावर थापी फिरवायची वेळ फार थोडी असते. तेवढ्यात चार जणांनी एकमेकांच्या मागोमाग फिरून तो उतार गुळगुळीत केला. नंतर सात दिवस गोणपाट अंथरून पाळीपाळीने पाणी मारले, आणि त्या सात दिवसांत कोणीही त्यावर चढले नाही, हे मला त्या उताराइतकेच मोलाचे वाटते.

बाराव्या अंकाच्या १६-१७ पानांवर एका सुंदर ट्रिकच्या आठ चौकटी जाणार होत्या. ती ट्रिक करणाऱ्यानेच सुचवले की तिथे उतार घालण्याच्या दिवसाच्या आठ चौकटी घ्याव्यात, त्याची ट्रिक पुढच्या अंकातही चालेल. वाद झाला, तीन विरुद्ध दोन मतांनी उतार जिंकला, आणि पाने आता जुळून तयार आहेत. वाळू वाहणाऱ्या, माल कालवणाऱ्या, साचा धरून उभ्या राहिलेल्या १४ जणांची नावे खाली आली आहेत. सहाव्या चौकटीत थापी धरलेल्या चौघांपैकी दोघे त्या दिवसापुरते लांबून आले होते, आणि त्यांची नावे वहीत लिहून घ्यायची राहिली. मी विचारपूस करते आहे. ती मिळेपर्यंत अंक झेरॉक्सला जाणार नाही.